'टेन्शन'ला मराठीत शब्द नाही म्हणणाऱ्यांस

'टेन्शन'ला मराठीत शब्दच नाही, हे विधान पुण्यातील सुशिक्षित मंडळी अलीकडे इतक्या निःशंकपणे आणि इतक्या वारंवार करू लागली आहेत की, व्याख्यानमालांतून, महाविद्यालयांच्या स्टाफरूममधून, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून आणि लग्नाच्या पंगतींतूनही ते एखाद्या सिद्ध झालेल्या प्रमेयासारखे फिरत असते. आणि कोणी त्यास हरकत घेतलीच, तर पुरावा विधान करणाऱ्याकडे न मागता हरकत घेणाऱ्याकडेच एक जुनाट, सोवळा, भाषेवर पहारा ठेवणारा मनुष्य म्हणून पाहिले जाते. ती हरकत मी येथे घेत आहे. ती घेताना मी इंग्रजीचा द्वेष्टा नाही आणि भाषाशुद्धीचा पुरस्कर्ताही नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण या वादात प्रतिपक्षाची अर्धी शक्ती समोरच्यावर हे दोन शिक्के मारण्यातच खर्च होत असते.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे. 'टेन्शन' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही; रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत आणि चौथीतल्या मुलीपासून तिच्या आजीपर्यंत तो सर्वांच्या तोंडी आहे, तेव्हा तो मराठीच झाला. त्याच्या जागी जे शब्द सुचविले जातात ते पुस्तकी, सदाशिव पेठी आणि जिभेला जड आहेत. शिवाय हप्ते, स्पर्धा, वाहतुकीची कोंडी यांनी व्यापलेले आजचे जिणे इतके निराळे आहे की, त्यातून उत्पन्न होणारी मनःस्थिती आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊकच नव्हती. मग तिला त्यांचे शब्द कसे पुरे पडावेत? आणि सरतेशेवटी, ब्रह्मास्त्र म्हणून सोडावयाचा मुद्दा असा की, भाषा प्रवाही असते. मराठीने फारसी पचविली, पोर्तुगीज पचविली, तशी ती इंग्रजीही पचवील. त्यासाठी कोणी जीव आटविण्याचे कारण नाही.

यांतील एकही मुद्दा परीक्षेस उतरत नाही.

'टेन्शन'ला मराठीत एक शब्द नाही, एवढे मात्र खरे आहे. परंतु ते खरे असण्याचे कारण प्रतिपक्षाच्या ध्यानी आलेले दिसत नाही. या एका नावाखाली आज जे काही कोंबले जाते ते एक नाहीच. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील अभ्यासिकांतून राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करीत बसलेला मराठवाड्यातला किंवा विदर्भातला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. त्याला विचारले तर तो सकाळी, दुपारी आणि रात्री 'टेन्शन आहे' असेच उत्तर देईल. परंतु निकालाच्या आदल्या रात्री त्याच्या उरात जी चालते ती धाकधूक आहे. पूर्वपरीक्षा एका गुणाने हुकल्यावर उत्तरतालिका पुनःपुन्हा चाळताना त्याला जी लागून राहते ती रुखरुख आहे. मेसचे पैसे आणि खोलीचे भाडे या महिन्यात कोठून उभे करावयाचे ही विवंचना आहे. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून आपल्याला येथे पाठविले, या जाणिवेचे त्याच्यावर आहे ते दडपण आहे. वयोमर्यादा उलटून जाईल ही धास्ती आहे. मुलाखतीच्या दालनाचे दार उघडण्यापूर्वी त्याच्या पोटात जो येतो तो गोळा आहे. आणि सोबतचा मित्र निवड होऊन निघून गेल्यावर त्याच्या रिकाम्या खाटेकडे पाहताना जी दाटून येते ती हुरहूर आहे. गावाकडे त्याच्या आईच्या जिवाला त्याचा घोर लागला आहे, तो आणखी वेगळा.

यांतील कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी घालून पाहावेत, म्हणजे ते पर्यायी नाहीत हे तत्काळ उमगेल. रुखरुख ही होऊन गेलेल्या गोष्टीची असते, धाकधूक ही घटकाभरात व्हावयाच्या गोष्टीची असते, आणि धसका हा एकदा बसलेल्या घावाचा असतो, जो पुढे वर्षानुवर्षे उतरत नाही. विवंचनेत हिशेब असतो. ज्याच्यापाशी मोजण्यासारखे काही उरलेच नाही त्याला विवंचना नव्हे, भ्रांत पडते. काहूर हे मनात माजते आणि त्यात कशाचाच कशाशी मेळ नसतो. घालमेल ही दोन वाटांच्या मध्ये उभ्या असलेल्या जिवाची होते. चुटपुट रुखरुखीहून हलकी, तगमग घालमेलीहून तीव्र. काळ, कारण, तीव्रता आणि सुटकेची वाट या चारही अंगांनी ज्या भाषेने मनाच्या अस्वस्थतेची एवढी बारीक प्रतवारी करून ठेवली, तिच्यात शब्द नाही असे म्हणणाऱ्याने शब्द कोठे शोधला होता?

क्रियापदांकडे पाहावे म्हणजे हानीचे मोजमाप अधिक चांगले होते. मराठीत काळजी वाटते, घोर लागतो, धसका बसतो, दडपण येते, काहूर उठते, धाकधूक होते, जीव टांगणीला लागतो, तोंडचे पाणी पळते, आणि संकट टळले म्हणजे तोच जीव भांड्यात पडतो. प्रत्येक भावनेचे येणे निराळे आणि जाणेही निराळे. 'टेन्शन'चे व्याकरण मात्र बाजाराचे आहे: ते देतात, घेतात, किंवा ते येते आणि जाते, आणि हे देणे-घेणेसुद्धा आम्ही इंग्रजीतून न आणता हिंदी बोलपटांच्या संवादांतून उचललेले आहे. 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य आता सहानुभूतीचे म्हणून समजले जाते. त्यात सांगितलेले काय असते? की ही वस्तू बाहेर पडलेली होती, तू ती उचललीस, दोष तुझा आहे, आता खाली ठेव. ज्याच्या घरात दुखणे आहे, ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या मुलीचे लग्न मोडले आहे, त्याने काही घेतलेले नसते. ते त्याला येऊन लागलेले असते, आणि 'लागणे' हे क्रियापद त्याच्यासाठीच आमच्या पूर्वजांनी राखून ठेवले होते. 'घोर लागला' म्हणणारा मनुष्य दुःखिताला दोष देत नाही. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणारा, त्याच्या मनात नसताना, तो देतो.

याहूनही मोठी हानी 'काळजी' या शब्दाची झाली आहे, आणि तिच्याविषयी मला विस्ताराने लिहिले पाहिजे. मराठीत काळजी वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतात. एकाच शब्दात चिंता आहे आणि जपणूकही आहे. ज्याच्याविषयी जीव धास्तावतो त्यालाच आपण जपतो, हा अनुभव या भाषेने दोन शब्दांत फोडला नाही, एकत्र ठेवला. आई मुलीला 'मला तुझी काळजी वाटते' असे म्हणते तेव्हा तिची भीती आणि तिची माया या दोन्ही गोष्टी एका श्वासात मुलीपर्यंत पोहोचतात. तीच आई आज 'मला तुझं टेन्शन येतं' असे म्हणते. त्या क्षणी माया गळून पडली आणि भीतीही गळून पडली. उरला तो केवळ त्रास, आणि त्या त्रासाचे कारण म्हणून समोर उभी असलेली मुलगी. ज्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो त्यांनी ही दोन्ही वाक्ये आपल्या अपत्याला एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. आपण जे बोललो नाही ते मुलांना ऐकू गेले, अशी तक्रार करणारे पालक मला वरचेवर भेटतात. आपण ते बोललो होतो, हे त्यांना कोण सांगणार?

आता पुस्तकीपणाचा आरोप. हा आरोप करणारे लोक धाकधूक, घोर, धसका, घालमेल या शब्दांना पुस्तकी म्हणतात, हे वाचताना माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही, कारण यांतील एकही शब्द कोणा पंडिताने मठीत बसून घडविलेला नाही. पुण्यात राहूनच हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. पहाटेच्या अंधारात दळण दळणाऱ्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांची ही वाणी आहे, आणि सासुरवाशिणीची घालमेल, लेकाचा घोर, भावाची वाट पाहताना लागलेली हुरहूर ही तिची नित्याची सामग्री आहे. सदाशिव पेठेने हे शब्द निर्माण केले नाहीत. फार तर तिने ते छापले. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत काय, किंवा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त काय, जी भाषा आपल्याला आजही थेट भिडते ती स्वयंपाकघरात, माजघरात आणि विहिरीवर बोलली जाणारी भाषा आहे. मोल्सवर्थ याने १८३१ साली आपला कोश सिद्ध केला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली, साठ हजारांच्या घरातील शब्दांची आवृत्ती काढली, तेव्हा धाकधूक आणि विवंचना हे शब्द त्याने लोकांच्या तोंडून आणि कागदपत्रांतून टिपले. एका परकीय लष्करी अधिकाऱ्याने जे शब्द कान देऊन ऐकले ते या मातीतल्या पदवीधराला पुस्तकी वाटावेत, यात पुस्तकांचा काय दोष?

पुस्तकी शब्द एक आहे, तो मी दाखवून देतो. तो 'ताणतणाव' होय. व्याख्यानाच्या फलकावर आणि शासकीय परिपत्रकात तो शोभतो, परंतु मला ताणतणाव आहे असे कोणी घरात म्हणत नाही. प्रतिपक्ष 'टेन्शन'ची तुलना नेहमी या एकाच निर्जीव शब्दाशी करतो आणि जिंकल्याचा आनंद मानतो. त्याने आपला प्रतिस्पर्धी स्वतःच निवडला आहे.

नव्या जीवनाला नवा शब्द हवा, हा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो. परंतु त्यामागे अशी समजूत आहे की, पूर्वीचे पुणे सुखाने पहुडलेले होते आणि चिंता म्हणून जी काही आहे ती मोटारींच्या बरोबर आली. १८९७ च्या प्लेगात, प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून देवघरापर्यंत तपासणी करीत होते, गाठ आलेल्या माणसाला उचलून नेत होते आणि तो परत येईल की नाही हे कोणी सांगू शकत नव्हते, तेव्हा या शहराने जी अनुभवली ती दहशत होती, धास्ती होती, तगमग होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाचा ज्यांना धसका बसला त्यांचा तो पुढचे कित्येक पावसाळे उतरला नाही. या माणसांना टेन्शन आले होते, असे लिहिण्याचे धाडस प्रतिपक्षातील कोणी करील काय? आणि ते तेथे लिहिता येत नसेल, तर गृहकर्जाच्या हप्त्यापुढे ते एकाएकी अचूक कसे ठरते? कर्ज नवे नाही. सावकाराच्या वहीपासून बँकेच्या संगणकापर्यंत कर्जदाराची विवंचना एकच आहे. स्पर्धा नवी नाही, नापासाची धास्ती नवी नाही. जे खरोखर नवे आहे त्याला नवा शब्द घ्यावा, हे मला मान्य आहे. परंतु येथे नवा आहे तो केवळ आमचा आळस.

वृत्तपत्रांनी या आळसाला प्रतिष्ठा दिली, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची पातळी वाढली की पुणेकरांचे टेन्शन मिटल्याचा मथळा येतो; पक्षात बंडखोरी झाली की अमुक नेत्याचे टेन्शन वाढल्याचा येतो; भाज्या महागल्या की गृहिणींच्या टेन्शनचा येतो. पाण्याची चिंता, बंडखोरीची डोकेदुखी आणि महागाईची झळ या तीन गोष्टी एका साच्यातून निघू लागल्या की वाचकाला बातमीचे स्वरूप कळत नाही, केवळ काहीतरी बिनसले आहे एवढेच कळते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ज्या शहरातून 'निबंधमाला' काढली, त्याच शहरातील संपादकीय मेजावर आज एका क्रियापदाचा आणि एका नामाचा शोध घेण्याइतकी फुरसत कोणाला नसावी, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रवाहाचा दाखला देणाऱ्यांनी इतिहास अर्धाच वाचला आहे. मराठीने फारसी पचविली, ती आपोआप नव्हे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले आहे की, १६२८ मधील एका पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४ च्या आसपास होते, १६७७ मधील पत्रात ते शेकडा ६२ च्या वर गेले, आणि १७२८ मधील पत्रात शेकडा ९३ च्या. मधल्या काळात काय घडले? शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि सुमारे १३८० दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. प्रवाह वाहत होता हे खरे, परंतु त्याला कोणी बांध घातला, कोणी पाट काढले, म्हणूनच तो शेताला लागला. सावरकरांच्या भाषाशुद्धीशी माझे पटत नाही. हरकत, तक्रार, फिकीर, मसुदा हे शब्द मी आनंदाने वापरतो आणि ते काढून टाकावेत असे मला कधीही वाटले नाही. तथापि त्यांचा 'दिनांक' 'तारखे'ला न घालविता तिच्या शेजारी रुजला, आणि 'महापौर' हा शब्द १९५० साली पुण्यात महापालिका स्थापन झाल्यापासून येथील प्रत्येक माणूस सहज बोलतो, हे पाहिल्यावर घडविलेले शब्द रुजत नाहीत असे म्हणण्याची सोय उरत नाही. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' रचला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला या प्रश्नात विवेक करावा लागतो, हे त्या नावातच आहे. आजच्या प्रतिपक्षाला तो नको आहे, प्रवाह हवा आहे.

घेणे आणि घेणे यांतला भेद तो हाच. पोर्तुगिजांकडून बटाटा आला तेव्हा त्याने रताळ्याला हुसकले नाही. पाव आला, भाकरी राहिली. फारसीतून 'फिकीर' आली आणि ती काळजीच्या शेजारी येऊन बसली, इतकी की बेफिकीर मनुष्य आणि निष्काळजी मनुष्य यांत आज आम्ही फरक करू शकतो: पहिल्याला परिणामांची पर्वा नाही, दुसऱ्याचे कामाकडे लक्ष नाही. एक शब्द आला आणि भाषेला एक छटा अधिक मिळाली. 'टेन्शन' आला आणि पंधरा छटा गेल्या. हे पचविणे नव्हे; यात कोणी कोणाला गिळले हे उघड दिसते आहे.

राहता राहिली ती सोय. सर्वांना कळते, मग पुरे, असे म्हणणाऱ्यांस मी विचारतो, काय कळते? डॉक्टरांच्या पुढे बसून रुग्ण 'टेन्शन आहे' म्हणतो तेव्हा त्याची झोप उडाली आहे, की छाती धडधडते आहे, की जगण्यातला रस आटला आहे, की घरात कोणाचा जाच आहे, यांतले काहीही डॉक्टरांना कळत नाही. त्यांना पहिल्यापासून चौकशी करावी लागते, आणि पुष्कळदा तेवढा अवकाश त्यांना नसतो. जाच सोसणारी सून 'टेन्शन आहे' म्हणते आणि माहेरचे लोक 'सगळ्यांनाच असतं' म्हणून फोन ठेवतात. 'मला जाच होतो' असे ती म्हणाली असती, तर जाच करणारा कोण हा प्रश्न विचारल्यावाचून फोन ठेवणे त्यांना शक्य झाले नसते, कारण जाचाला कर्ता असतो. टेन्शनला कर्ता नसतो. ज्यांना कर्ता लपवावयाचा आहे त्यांना हा शब्द फार उपयोगी आहे, आणि ज्यांना तो उघड करावयाचा आहे त्यांच्या हातून त्यांचे एकमेव साधन या शब्दाने काढून घेतले आहे. इंग्रजसुद्धा तो असा वापरीत नाहीत. त्यांच्याकडे वरी निराळी, अँग्झायटी निराळी, ड्रेड निराळे, आणि टेन्शन हे मुख्यतः ताणलेल्या दोरीचे किंवा दोन माणसांमधील अवघडलेपणाचे. म्हणजे आम्ही आमचे शब्द टाकले आणि त्यांचेही घेतले नाहीत.

विजेच्या उच्चदाबाच्या तारांना हाय टेन्शन म्हणावे, त्यास माझी ना नाही. दिवसभर राबून बसच्या गर्दीत लोंबकळत घरी जाणाऱ्या माणसाने आपल्या शिणलेल्या मनाला कोणते नाव द्यावे, हे सांगण्यासही मी जाणार नाही. माझा वाद आहे तो भाषेवर ज्यांचे पोट आहे त्यांच्याशी: मराठीचा वेतनधारी अध्यापक, मथळे लिहिणारा उपसंपादक, मालिकांचे संवाद लिहिणारा लेखक, समुपदेशनाची पुस्तके छापणारा प्रकाशक. तुमच्यापुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड उभे आहेत; तो कोश याच शहरात १९३२ ते १९३८ या वर्षांत सिद्ध झाला. तुमच्या घरात अजून एखादी वृद्धा बोलते आहे. विद्यार्थी 'टेन्शन आलं' म्हणेल तेव्हा त्याला धाकधूक होते की धास्ती वाटते, हे वर्गात विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. मथळा लिहिताना चिंता कोणाची, झळ कोणाला, पेच कोणापुढे, हे ठरवा आणि तो शब्द लिहा. पात्राच्या तोंडी संवाद घालण्यापूर्वी त्याला नेमके काय होते आहे याचा विचार करा. तोच तर तुमचा धंदा आहे. इतके करूनही शब्द सापडला नाही तर खुशाल इंग्रजी वापरा, मी पहिला तुमच्या बाजूने उभा राहीन. परंतु हे केल्यावाचून 'मराठीत शब्द नाही' असे म्हणण्याचा तुम्हांस अधिकार नाही. 'मला तो शोधावयाचा नाही' एवढेच तुम्ही म्हणू शकता, आणि ते तुमच्या नावावर म्हणा, मराठीच्या नव्हे.